अख्ख्या मण्यांची वाइन: परळच्या लॅबमधल्या नोंदी

शुक्रवार, 7 फेब्रुवारी 2025

तिसऱ्या वर्षाच्या मायक्रोबायोलॉजीला वाइनचं प्रॅक्टिकल दरवर्षी असतं. द्राक्षं कुस्करायची, साखर आणि यीस्ट घालायचं, कापसाचं बूच लावायचं, आठवड्याने टायट्रेशन करून आम्ल मोजायचं. मुलं जर्नल लिहितात, फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये जातो आणि विषय मिटतो. त्या फ्लास्कमधलं आजवर कोणी चाखलेलं नाही. वास बघता तेही बरंच.

यंदा प्रकल्पाच्या गटाला मी वेगळं काम दिलं आहे. फ्रान्समधल्या बोजोले भागात गामे नावाच्या काळ्या द्राक्षाची एक हलकी, ताजी लाल वाइन होते. सप्टेंबरात काढलेल्या द्राक्षाची वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी दुकानात येते. 1985 पासून दिवस हाच ठरलेला आहे. एवढ्या लवकर लाल वाइन पिण्याजोगी होते, कारण द्राक्ष कुस्करतच नाहीत. अख्खे घड कार्बन डायऑक्साइडमध्ये कोंडतात. प्राणवायू मिळाला नाही की मणी स्वतःच्याच एन्झाइम्सवर आतल्या आत आंबायला लागतो, यीस्टची गरज नाही. मण्यात दोनेक टक्के अल्कोहोल झालं की तो मरतो. मग पिळायचं आणि पुढचं यीस्टवर सोडायचं. साल फार वेळ दारूत भिजत नाही, म्हणून रंग उतरतो पण तुरटपणा उतरत नाही. सिद्धांत एवढाच, बाकी तुमच्या पाठ्यपुस्तकात वाचा.

मला हे मुंबईत करून बघायचं होतं ते तापमानामुळे. मण्याच्या आतलं काम 30 ते 35 अंशांत सगळ्यात चांगलं चालतं. फ्रान्समध्ये त्यासाठी टाक्या गरम कराव्या लागतात. आमच्या लॅबचा पंखा बंद केला की काम झालं.

परवानगीचं आधी सांगतो. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली वाइन बनवायला परवाना लागतो. घरी करून बघा असं मी कोणाला सांगत नाही. आम्ही अभ्यासक्रमातला प्रकल्प म्हणून प्राचार्यांकडून लेखी मंजुरी घेतली. तुमच्या कॉलेजात करणार असाल तर आधी तो कागद हातात घ्या, मग द्राक्षं आणा. चव मी आणि विभागप्रमुख मॅडम घेणार, मुलांनी फक्त वास घ्यायचा. यावर गटात नाराजी आहे.

सोमवार, 10 फेब्रुवारी

वाशीच्या फळबाजारातून शरद सीडलेस आणली. काळी, बिनबियांची, दिसायला सुरेख. 110 रुपये किलोने पाच किलो. विद्यार्थ्यांनी घरच्या सवयीने नळाखाली स्वच्छ धुतली आणि चाळणीत निथळत ठेवली. देठापासून सुटलेले मणी बरेच होते, तेही घेतले. दहा लिटरच्या काचेच्या बरणीत सगळं भरलं.

गॅससाठी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर शेजारच्या फ्लास्कमध्ये, तिथून नळी बरणीच्या तळाशी. बरणीच्या तोंडाशी जळती काडी धरली, विझली. टाळ्या वाजल्या. साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर रस 16.5 ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण साडेसोळा ग्रॅम साखर. खाण्याच्या द्राक्षाला एवढीच साखर असते, म्हणजे फार तर नऊ टक्क्यांची वाइन.

गटात गोराईची एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातली, मुलगी आहे. तिची आजी नाताळसाठी वाइन करते: द्राक्षं, साखर, गहू, यीस्ट, चिनी मातीची बरणी, रोज लाकडी चमच्याने ढवळायचं. आमची पद्धत ऐकून आजीने फोनवरच विचारलं, मणी फोडले नाहीत तर रस यायचा कुठून? प्रश्न बिनतोड आहे.

गुरुवार, 13 फेब्रुवारी

बरणीच्या तळाशी चार बोटं रस. एवढा यायला नको होता. मुलं रोज झाकण उघडून बघतात, मीही बघितलं. बारावीच्या परीक्षेचं केंद्र असल्याने लॅब सकाळी बंद असते. जे काही बघायचं ते दुपारनंतर, त्यामुळे सगळे एकदम येऊन उघडतात.

सोमवार, 17 फेब्रुवारी

फेकून दिली. दारातच नेलपॉलिशचा वास. तो इथिल ॲसिटेटचा. थेंब स्लाइडवर घेतला तर लिंबाच्या आकाराच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी भरपूर. हे द्राक्षाच्या सालीवरचं रानटी यीस्ट, हॅन्सेनियास्पोरा जातीचं. थोडा प्राणवायू आणि फुटलेला मणी मिळाला की हे आधी माजतं. स्लाइड चांगली निघाली, तेवढंच जर्नलमध्ये गेलं.

काय चुकलं ते मुलांकडूनच काढून घेतलं.

द्राक्षं धुतली. पाणी घडाच्या आत राहिलं, तळाला साचलं, रस पातळ झाला. शिवाय धुताना मणी हलले आणि देठापाशी फाटले.

सुटे मणी घेतले. देठ उपटला की तिथे भोक पडतं आणि मणी अख्खा दिसला तरी अख्खा राहत नाही. या पद्धतीत घड कात्रीने कापून, काडीसकट ठेवतात ते याचसाठी. बाजारातल्या खायच्या द्राक्षात पेटी उघडेपर्यंत किती तरी मणी सुटलेले असतात.

सोडा आणि व्हिनेगरचा गॅस पहिल्या तासाला आला आणि संपला. त्यानंतर रोज झाकण उघडून आम्ही हवा आत घेत होतो. गॅस सतत येत राहायला हवा आणि झाकण बंद राहायला हवं, या दोन्हीकडे आम्ही काडी विझवण्याच्या आनंदात दुर्लक्ष केलं.

नुकसान: द्राक्षांचे 550 रुपये आणि एक आख्खा आठवडा. द्राक्षाचा हंगाम मार्चअखेर आटोपतो, तेव्हा आठवडा महाग.

बुधवार, 19 फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, पण फोनाफोनी झाली. एका विद्यार्थ्याचे मामा दिंडोरी तालुक्यात द्राक्ष बागायतदार आहेत. त्यांच्याकडे वाइनची शिराझ आहे, वायनरीशी करार झालेली. तोडणी चालू आहे, दोन क्रेट देतो म्हणाले, 50 रुपये किलो. वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षाच्या निम्म्याने मिळतं हे मुलांना पटेना. मणी बारीक, बिया मोठ्या, साल जाड. टोपलीत घेऊन बसलात तर कोणी विकत घेणार नाही.

मामांनी एक चांगला प्रश्न विचारला: फ्रान्सवाले सप्टेंबरात तोडतात, आम्ही फेब्रुवारीत, मग तुमचं वेळापत्रक काय? आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची झोप नसते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळ छाटणी, आणि माल जानेवारी ते मार्च. त्यांची ताजी वाइन नोव्हेंबरात, आपली गुढीपाडव्याला. यंदा पाडवा 30 मार्चला आहे. तारीख फळ्यावर लिहून ठेवली.

शनिवार, 22 फेब्रुवारी

पहाटे तोडलेला माल दुपारी मुलुंड चेकनाक्यावर टेम्पोने उतरवला. तिथून टॅक्सीने परळ, 600 रुपये. क्रेट एकावर एक ठेवू नका असं सांगूनही डिकीत एकावर एकच आले. खालच्या क्रेटमधले वरच्या थरातले घड दबले होते.

20 किलोपैकी किलोभर फुटका आणि सुकलेला माल काढून टाकला. कात्र्या स्पिरिटने पुसून घेतल्या होत्या. या वेळी एक थेंबही पाणी लावलं नाही. मण्यावरची पांढरी भुकटी तशीच ठेवली. साखर 23 ब्रिक्स, पीएच 3.55. शरदशी तुलनाच नको.

भांडं म्हणजे 50 लिटरचं अन्नासाठी चालणारं प्लास्टिकचं निळं पिंप, रबरी रिंग आणि लोखंडी पट्टा असलेलं. मिळालं भायखळ्यात, 850 रुपयांना. खाली पितळी नळ लावणार होतो, तो बेत सोडला. आंबट रसात पितळ नको. प्लास्टिकचा नळ बसवला, वायसरसकट 120 रुपये. झाकणाला भोक पाडून नळी काढली आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही.

भरणं असं केलं. आधी दोन किलो द्राक्ष वेगळी कुस्करून तळाशी ओतली. त्यात लॅल्विन 71बी यीस्ट, कोमट पाण्यात भिजवून. हे यीस्ट फ्रान्समधल्या नार्बोनच्या संशोधन संस्थेत निवडलेलं आहे. तळाचा रस आंबत राहतो आणि त्याचा गॅस वर चढत घडांना वेढतो, म्हणजे गॅसचा कारखाना पिंपातच. बोजोलेतही बहुतेक असंच होतं, फक्त तिथे खालचे घड वरच्यांच्या वजनाने आपोआप फुटतात. आमच्या 17 किलोंचं तेवढं वजन नाही, म्हणून हाताने फोडले.

पण यीस्ट जोर धरेपर्यंत पहिली रात्र उघडी पडते. ती रात्र भरून काढायला ड्राय आइस. दोन किलो मागवला, थर्माकोलच्या डब्यासकट 400 रुपये. एक किलो ड्राय आइसचा पाचशे लिटरच्या वर गॅस होतो, तेव्हा पिंपाला दोनशे ग्रॅमसुद्धा पुष्कळ. बाकीचा उडून गेला. कमी मागवला तर कोणी देत नाही. तो थेट द्राक्षावर ठेवू नका, मणी गोठून फुटतात. आम्ही स्टीलच्या वाटीत घालून वर ठेवला.

इथे मुलांना दम दिला तोच इथेही देतो. खिडक्या उघड्या ठेवा. पिंपात डोकं घालून वास घेऊ नका. हा गॅस जड असतो, खाली साचतो आणि डोळ्याला दिसत नाही. ड्राय आइस असलेलं भांडं कधीही घट्ट बंद करू नका, नळी मोकळी हवीच.

नार्बोनचंच आणखी एक. ही पद्धत कोणी वाइन सुधारायला बसलं म्हणून निघालेली नाही. 1934 मध्ये तिथले संशोधक मिशेल फ्लांझी आणि त्यांचे सहकारी खायची द्राक्षं कार्बन डायऑक्साइडमध्ये टिकवून ठेवायचा प्रयत्न करत होते. द्राक्षं टिकली नाहीत, आतून फसफसली. त्यांनी ती फेकली नाहीत, पिळली. आमच्या शरदचंही तेच झालं असतं, जर आम्ही झाकण बंद ठेवलं असतं तर.

सोमवार, 24 फेब्रुवारी

बाटलीत बुडबुडे सतत. मोजणं सोडून दिलं. पिंपाच्या मध्यावर बाहेरून चिकटवलेला थर्मामीटर 32 दाखवतो. उद्या-परवासाठी मुंबईला उष्णतेच्या लाटेचा इशारा आहे. एरवी वाइनवाल्याने डोक्याला हात लावला असता, आम्ही खुशीत.

झाकण उघडायचं नाही असा नियम केला. पट्ट्यावर चिकटपट्टी लावून सही केली. तरी एकाने विचारलंच, सर, फक्त थोडंसं?

गुरुवार, 27 फेब्रुवारी

काल महाशिवरात्र, कॉलेज बंद. आज आलो तर बाटलीतलं पाणी अर्ध्यावर आणि नळीचं टोक पाण्याच्या वर. पंखा बंद, खोली तापलेली, त्यात गॅसच्या जोराने पाणी उडत होतं. किती वेळ हवा जात होती कळायला मार्ग नाही. आतून गॅस येत असल्याने नुकसान बहुधा झालं नाही, पण लॅबमधल्या शिपाईमामांना मी आधी सांगायला हवं होतं. ते सुट्टीच्या दिवशीही चावी घेऊन येतात. आता मोठी बाटली, अर्ध्याच्या वर भरलेली, आणि पाण्यात चिमूटभर जंतुनाशक पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे चिलटं पडली तरी त्रास नको. चिलटं आलीच आहेत. खिडक्या उघड्या ठेवायच्या तर चिलटं, बंद ठेवायच्या तर गॅस. खिडकीला मच्छरदाणीचं कापड लावलं.

शनिवार, 1 मार्च

उघडलं. वाफ आली तशी सगळे मागे सरले, मग एकेक जण वास घ्यायला पुढे. पहिली प्रतिक्रिया: केळं! दुसरी: बूमर बबलगम! दोन्ही बरोबर. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा. सेंद्रिय रसायनात एस्टरची परीक्षा घेतलेल्यांनी लगेच ओळखला.

मणी बाहेरून जवळपास तसेच. दाबला तर मऊ, आतला गर गुलाबी झालेला. सुरुवातीला तो पांढरा होता, सालीचा रंग आत उतरला. जिभेवर ठेवला तर चुरचुरतो. आंबटपणा आधीपेक्षा स्पष्ट कमी. मण्यातलं मॅलिक आम्ल त्याच्याच एन्झाइम्सनी खाल्लेलं असतं. इथे आमचे मॅडमशी मतभेद झाले. त्यांचं म्हणणं आणखी तीन-चार दिवस ठेवावं, वास वाढेल. माझं म्हणणं 33 अंशांत आठवडा पुरे, मणी मेले की पेशी फुटतात आणि मग बियांचा कडूपणा उतरायला लागतो. बरेचसे घड मऊ झाले होते, म्हणून काढलेच.

तळाचा नळ उघडून पाच लिटर रस काढला: रसात तरंगवून घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर 7 ब्रिक्स. मग घड पिळले. प्रेस नाही. भोकं पाडलेली बादली मोठ्या टोपात ठेवली, आत मलमलीचं कापड, वर पाण्याने भरलेला वीस लिटरचा जार. तासाभरात साडेसात लिटर, 17 ब्रिक्स. आतला मणी अजून इतका गोड असतो. बोजोलेत प्रेसमधून येणाऱ्या या गोड रसाला पॅरादी म्हणतात, आणि तिथे कामगार तो तिथल्या तिथे पितात. आमच्याकडे परवानगी वासाचीच.

एरवी लाल वाइनमध्ये पिळून निघालेला भाग खडबडीत म्हणून बाजूला काढतात. इथे उलटं, पिळलेलाच चांगला. दोन्ही एकत्र केले, साडेबारा लिटर.

मोजमापाची एक सूचना. आंबायला लागलेल्या रसावर रिफ्रॅक्टोमीटर वापरू नका. अल्कोहोलमुळे तो आकडा फुगवतो. आमच्या एका गटाने तळाच्या रसाला 12 लिहिलं होतं, हायड्रोमीटरने 7 निघालं.

चोथा लॅबच्या मामांनी गच्चीवरच्या कुंड्यांसाठी नेला. दुसऱ्या दिवशी तिथे चिलटांचं राज्य.

सोमवार, 3 मार्च

कुजक्या अंड्याचा वास. रविवारी लॅब बंद, आज उघडली तर रस 31 अंशांवर खदखदतोय. जो उकाडा पिंपात हवा होता तो आता नको आहे. पिळल्यानंतर यीस्टचं काम सुरू होतं आणि त्याला 20 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, नाहीतर केळ्याबिळ्याचा सगळा वास गॅसबरोबर उडून जातो. हे मला माहीत होतं. पिळण्याच्या गडबडीत थंड करण्याची सोय केली नव्हती, एवढंच.

अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा आहे याची खात्री आधी केली. ग्लासात थोडी वाइन घेऊन त्यात घासून स्वच्छ केलेली तांब्याची तार फिरवली. वास गेला, म्हणजे तोच. उरलेल्यात तांबं घालायचा मोह टाळा, ते वाइनमध्ये विरघळतं. कारण बहुधा नायट्रोजनची कमतरता: गरमीत यीस्ट भराभर वाढलं आणि उपाशी राहिलं. साडेबारा लिटरला 3 ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट विरघळवून घातलं. साखर अजून 9 ब्रिक्स होती म्हणून घातलं. संपत आली असती तर घातलं नसतं, मग ते यीस्टऐवजी दुसऱ्याच जिवाणूंच्या पोटात जातं.

थंड करायला धुण्याचा टब, त्यात पाणी, त्यात कार्बॉय, म्हणजे रसाची मोठी बाटली. कल्चर मीडिया ठेवायच्या फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-दुपार-संध्याकाळ बदलायच्या. कार्बॉयभोवती ओला पंचा गुंडाळून वर पंखा. रात्रीची पाळी लॅबच्या मामांनी स्वतःहून घेतली. 25 वर आलं, त्याखाली गेलं नाही.

गुरुवार, 6 मार्च

वास गेला. 3 ब्रिक्स. बर्फाच्या बाटल्यांवरून दुसऱ्या विभागाशी कुरबुर, फ्रीजर सामायिक आहे.

सोमवार, 10 मार्च

हायड्रोमीटर शून्याखाली, म्हणजे साखर संपली, बुडबुडे थांबले. गाळावरून सायफनने दुसऱ्या भांड्यात उतरवली, 11 लिटर भरली. वर मोकळी जागा राहू नये म्हणून पाच-पाच लिटरच्या दोन बाटल्या काठोकाठ आणि उरलेली छोट्यात. हे कंटाळवाणं काम आहे पण इथे आळस केला की वर पांढरी साय धरते.

रंग बघून मुलं हिरमुसली. शिराझ म्हणजे काळपट अशी कल्पना होती, ही तर कोकम सरबतासारखी. मला तोच हवा होता.

सोमवार, 17 मार्च

धुळवडीची सुट्टी जोडून आल्याने मधले दिवस गेले. आज सगळी टायट्रेशन्स. अल्कोहोल ऊर्ध्वपातन करून 12.1 टक्के. एकूण आम्लता टार्टारिक आम्लाच्या हिशेबात 5.1 ग्रॅम प्रति लिटर. पीएच 3.78.

पीएच जास्त आहे. ही या पद्धतीची किंमतच आहे: मॅलिक कमी झालं की चव मऊ होते आणि पीएच चढतो. चढलेल्या पीएचला वाइन टिकवणारं सल्फाइट दुबळं पडतं. 3.5 ला जेवढं काम होतं, तेवढ्याच मात्रेत 3.8 ला निम्मंच. म्हणून आधी टार्टारिक आम्ल, लिटरला दीड ग्रॅम. पीएच 3.62 वर आला. मग 11 लिटरला 1.15 ग्रॅम मेटाबायसल्फाइट. वजन काट्यावरच करा, चमच्याने नको. आधी आम्ल, मग सल्फाइट हा क्रम उलटा केलात तर हिशेब चुकतो.

कागदावर प्रत्येक आम्लाचा डाग वेगळा पाडून बघायला पेपर क्रोमॅटोग्राफी लावली: व्हॉटमन कागद, ब्यूटेनॉल, फॉर्मिक आम्ल, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन. रात्रभर फ्यूम हूडमध्ये वाळवावा लागतो, फॉर्मिकचा वास असेपर्यंत डाग दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी निळ्यावर पिवळे डाग. टार्टारिकचा ठळक, लॅक्टिकचा नाही, मॅलिकचा फिकट पण आहे. म्हणजे मॅलिक पूर्ण संपलेलं नाही. बाटलीत जिवाणूंनी ते खाऊन त्याचं लॅक्टिक करायला घेतलं तर गॅस होणार. मॅडम म्हणाल्या, थांबा, ते होऊ द्या, मगच बाटल्या भरा. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पण मला पाडवा गाठायचा होता आणि ताज्या वाइनला महिनाभर उकाड्यात ठेवायची इच्छा नव्हती. ठरलं की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्येच राहतील.

शुक्रवार, 28 मार्च

भरल्या. 14 बाटल्या, 750 मिलीच्या. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याकडून पाच रुपयांना एक, त्या धुण्यात पूर्ण सकाळ गेली, लेबलांचा गोंद कॉस्टिकनेच निघाला. बुचाचं यंत्र नाही म्हणून फिरकीचं झाकण असलेल्याच घेतल्या.

एकूण खर्च, शरदच्या नुकसानासकट आणि लॅबची रसायनं सोडून, साडेचार हजारांच्या जवळ. यात पिंप, नळ, यीस्ट आणि हायड्रोमीटर पुढच्या वर्षीच्या उपयोगाचे. तरी हिशेबाने बाटली तीनशेच्या वर पडते. बाजारात त्याहून फार महाग नसलेली नाशिकची वाइन मिळते, तेव्हा स्वस्तात पडतं म्हणून कोणी यात पडू नये.

चव मी आणि मॅडमनी घेतली, फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटांनी. थंडच प्यायची असते ही. केळं बरंच उडालं आहे, ते 3 मार्चच्या उकाड्यात गेलं. जांभूळ आणि थोडी मिरी राहिली, मिरी शिराझची. तुरटपणा जवळजवळ नाही. मागे किंचित कडवट, मॅडमच्या मते टार्टारिक जास्त झालं, माझ्या मते पिळताना जारवर दोघं जण दाबत होते त्याचं. लॅबच्या डब्यातल्या कांदाभजीबरोबर ती छान गेली, एवढं दोघांनाही मान्य.

गोराईच्या आजींसाठी मॅडमच्या परवानगीने छोटी बाटली गेली. निरोप आला: वाइन चांगली आहे, पण साखर घालायला विसरलात.

मंगळवार, 6 मे

परीक्षा संपल्या, फ्रिज आवरायला काढला. चार बाटल्या उरल्या होत्या. तीन ठीक, फक्त फळाचा वास मार्चच्या मानाने अर्धा. ही ठेवायची वाइन नव्हेच. चौथी कोणीतरी जागा करायला बाहेर काढून कपाटात ठेवली होती, केव्हापासून कोणास ठाऊक. झाकण फिरवताच फस्स झालं. क्रोमॅटोग्राफी पुन्हा केली: मॅलिकचा डाग गायब, लॅक्टिकचा आला. मॅडमनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि काही बोलल्या नाहीत.

पुढच्या वेळी करायच्या गोष्टी पिंपाच्या झाकणावर मार्करने लिहिल्या आहेत: पिळण्याच्या आदल्या दिवशी बर्फ तयार, एका क्रेटमध्ये दहा किलोंऐवजी पाचच किलो, जारवर कोणी हात ठेवायचा नाही, मॅलिक संपेपर्यंत बाटल्या भरायच्या नाहीत. दिंडोरीच्या मामांना जानेवारीच्या शेवटी तोडायला सांगितलं आहे, साखर 21 असतानाच, म्हणजे आंबटपणा थोडा हाती राहील.

फसफसलेली बाटली जूनमध्ये ॲसिटोबॅक्टर या व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंच्या प्रॅक्टिकलला जाईल. व्हिनेगरसाठी एरवी वाइन बाहेरून आणावी लागते.